धुतलेले ॲप्रन

८ फेब्रुवारी

प्रिय वहिनी,

सुखरूप पोचले. बॅग उघडली तर वर काकड्या, खाली खरबुजं आणि माझे कपडे मधे कुठेतरी जीव मुठीत धरून बसलेले. तू एवढं बांधून दिलंस आणि मी मात्र आले होते हात हलवत. घरात पाऊल ठेवल्यावर दादा माझ्या हातांकडे बघत होता, ते माझ्या लक्षात आलं होतं. वाटेत काहीतरी घेईन म्हणता म्हणता राहून गेलं. इतक्या वर्षांनी भावाकडे जायचं आणि रिकाम्या हाताने, याची मला अजून लाज वाटतेय.

म्हणून हे पार्सल. आमच्या लॅबमध्ये नवे ॲप्रन आले, जुने काढून टाकायचे होते. जुने म्हणजे नावाला जुने, कापड अजून दणकट आहे. सहा पाठवतेय. स्वच्छ धुऊन, इस्त्री करून. तुमच्या पॉलीहाऊसच्या दाराशी खुंट्या ठोका, आत जाताना ज्याने त्याने ॲप्रन चढवायचा आणि बाहेर येताना काढून ठेवायचा. बाहेरची रोगराई कपड्यांवरून आत येते, म्हणून आमच्याकडे हे फार कडक असतं. आधी निरोगी रोपांच्या खोलीत जायचं, मग आजाऱ्यांच्या. उलट कधीही नाही.

तू विचारलं होतंस की मी नक्की करते काय, आणि दादाने "काकडीला ताप आला की ही थर्मामीटर लावते" असं सांगून विषय संपवला होता. तसं अगदीच खोटं नाही. काकडी-खरबुजाला लागणारे विषाणू असतात, त्यांची अक्षरं आम्ही वाचतो. प्रत्येक विषाणू म्हणजे काही हजार अक्षरांची एक लांबलचक ओळ. ती वाचली की कळतं, हा कुणाचा कोण आणि आला कुठून. त्यातला एक तर आम्ही लॅबमध्ये पाळलाय. वर्षानुवर्षं एका रोपाच्या पानाचा रस दुसऱ्याला चोळून त्याला जिवंत ठेवलंय. त्याला सगळे जावईबापू म्हणतात, कारण त्याला वेळेवर कोवळी पानं लागतात आणि त्याच्या खोलीत आवाज चढवलेला आमच्या मॅडमना चालत नाही.

दादाला ॲप्रन घातलेला फोटो काढायला सांग.

तुझी,
नणंद

२० फेब्रुवारी

वन्सं यांस भावजयीचा नमस्कार.

(माझ्याशिवाय तुम्हाला वन्सं म्हणणारं जगात कुणी उरलेलं नाही, तेव्हा तुम्ही ते ऐकून घ्यायचं.)

पार्सल पोचलं. तुमच्या भावाने ॲप्रन घातला आणि आरशात बघून म्हणाले, "आता मला डॉक्टर म्हणा." मी म्हटलं, कंपाउंडर म्हणते, तेवढं पुरे. वेली बांधायला येणाऱ्या बाया हसून बेजार. पण घालतात हो सगळ्या. खुंट्या ठोकल्या, दारावर पाटीही लावली. घरचं झालं थोडं आणि व्याह्याने धाडलं घोडं, असं आधी मनात आलं होतं, ते परत घेते. इस्त्री तर अशी कडक की घडी मोडवेना.

रोपं लागली. उजव्या हाताला काकडी, डाव्या हाताला खरबूज. रोपं नेहमीप्रमाणे भिंगरीकडून आणली. तुम्ही तिला ओळखता, माझी शाळेपासूनची मैत्रीण, नर्सरीवाली. तुम्ही आलात तेव्हा ती उभ्या उभ्या चहा पिऊन गेली होती. ती बसलेली मी अजून पाहिलेली नाही. तिनेही एक ॲप्रन मागितला. मी नाही दिला. म्हटलं, आमच्या वन्संनी आमच्यासाठी पाठवलेत, तू तुझी नणंद शोध. तेवढ्यावरून लागलंच तिला थोडं. लागू दे. तिच्याकडे सगळं असतं, एवढं एक माझ्याकडे.

हात हलवत आलात वगैरे पुन्हा लिहू नका.

तुमची,
वहिनी

२ एप्रिल

वन्सं,

या पाकिटात पानं आहेत, जपून उघडा. बघितलीत तर तुम्हाला कळेलच. हिरव्यावर फिकट हिरवे, पिवळट ठिपके, पान फोडासारखं फुगलेलं. आधी मला वाटलं खत कमी पडलं. आता काकडीच्या दोन रांगा अशाच झाल्यात आणि डावीकडे खरबुजाच्या वेलींनाही लागलंय. काल एक फळ कापलं तर आतला गर पिवळा, स्पंजासारखा. तुमचे भाऊ सकाळी आत जातात, एकेक पान उलटून बघतात आणि जेवायला येतात तेव्हा ताटात बघत बसतात.

पहिल्यांदा कुठे दिसलं, असं तुम्ही विचाराल. दाराजवळच्या कोपऱ्यात.

मला विचाराल तर हे रोपांतूनच आलंय. या वर्षी भिंगरीने नवीन ठिकाणचं बियाणं घेतलं होतं. मी तेव्हाच तिला म्हटलं होतं.

लवकर कळवा.

वहिनी

१९ एप्रिल

प्रिय वहिनी,

वाईट बातमी लगेच सांगते. हा विषाणूच आहे, काकडीवरचा नेहमीचा, आणि औषध नाही. ज्या वेलींना लागलंय त्या उपटून, पिशवीत भरून, लांब नेऊन जाळा. शेजारच्याही. हात आणि कात्र्या दुधाची पावडर कालवलेल्या पाण्यात बुडवत राहा. हसू नकोस, दुधाने तो खरंच निकामी होतो. हा माशी किंवा मावा यांच्यामार्फत येत नाही, स्पर्शाने पसरतो. हात, सुरी, कपडे.

बियाण्यातूनही येतो, ते खरं आहे. पण म्हणून तिथूनच आला असं होत नाही. त्याची पूर्ण ओळ वाचल्याशिवाय कुणाला काही बोलू नकोस. भिंगरीच्या नर्सरीतली पानं मिळाली तर तीही पाठव, म्हणजे शेजारी शेजारी ठेवून वाचता येईल. काय निघेल ते मी तुला सरळ सांगेन.

दादाला सांग, जेवत जा.

नणंद

६ मे

वन्सं,

सोबत दुसरं पाकीट आहे, भिंगरीच्या पानांचं. मागायला जायचं मी दोन दिवस टाळलं होतं, पण तिने स्वतःच ट्रेमधून खुडून दिली. वर म्हणाली, "घे, अजून हवीत का? मुळंही देते." हसत होती. मग पाकिटावर नाव लिहिता लिहिता थांबली आणि म्हणाली, "तुला खरंच असं वाटतं?" मी म्हटलं, मला काय वाटतं याला महत्त्व नाही, आमच्या वन्सं वाचून सांगतील. तिने मान हलवली. ती त्या दिवशी पहिल्यांदा बसली, उलट्या ठेवलेल्या बादलीवर.

महिनाअखेरीला काकडी-खरबूज लावणाऱ्या सगळ्यांची सभा आहे. पुढच्या हंगामाची रोपं कुणाकडून घ्यायची ते तिथेच ठरतं. आमच्या पॉलीहाऊसची हकिगत सगळ्यांना कळलीय आणि जो तो मला विचारतोय. तुमच्या रिपोर्टवर सगळं आहे. सभेच्या आत कळवा. तुमचा शब्द म्हणजे इथे शेवटचा शब्द.

उजवी बाजू पूर्ण रिकामी केली. डावीकडे अर्ध्या वेली आहेत.

वहिनी

१८ मे

प्रिय वहिनी,

घाईत लिहितेय. रिपोर्ट अजून पक्का नाही. ओळ वाचून झाली, पण त्यात काहीतरी गोंधळ आहे. मॅडम म्हणाल्या, आपल्याच इथे भेसळ झाली असणार, एका नळीतलं दुसऱ्या नळीत गेलं असणार, पुन्हा कर. तेव्हा पुन्हा करतेय. तोपर्यंत कुणालाच दोष देऊ नये हे बरं. भिंगरीलाही नको.

आणखी एक. ते ॲप्रन आता जुने झाले असतील, टाकून द्या. टाकून म्हणजे जाळूनच टाका, फडकी म्हणूनही वापरू नका. मी पुढेमागे नवे पाठवीन.

दादा कसा आहे?

नणंद

१ जून

वन्सं,

सभा झाली.

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. तुम्ही किती सांभाळून लिहिता ते कळलं मला. "भिंगरीलाही नको" म्हणजे काय, हे न समजायला मी काही दूधखुळी नाही. माझ्या मैत्रिणीचं नाव कागदावर यायला नको म्हणून तुम्ही तो कागदच पक्का केला नाहीत. उपकार आहेत तुमचे. पण पुढच्या हंगामात आणखी दहा घरांचं आमच्यासारखं झालं असतं तर? म्हणून मी उठले आणि बोलले. म्हटलं, आमच्या घरातलं माणूस लॅबमध्ये आहे, रिपोर्ट लेखी द्यायला त्यांना संकोच वाटतो, पण काय ते मला कळलंय.

कुणी काही विचारलं नाही. एकेकाने उठून भिंगरीकडची मागणी रद्द केली. ती मागे उभी होती. दाखवायला म्हणून रोपांचा एक ट्रे आणला होता, तो हातातच होता. तिने तो टेबलावर ठेवला आणि निघून गेली. घरी येताना तुमचे भाऊ माझ्या दहा पावलं पुढे चालत राहिले. मला वाटलं शाबासकी देतील.

ॲप्रन जाळले नाहीत. तुम्ही एवढ्या प्रेमाने दिलेली वस्तू, जाळायला हात होईना. खुंटीवर आहेत.

वहिनी

९ जून

वहिनी,

हे पत्र मी याआधी लिहायला हवं होतं. निदान तीन आठवडे आधी.

भिंगरीची पानं स्वच्छ आहेत. त्यांत काहीही नाही. हे मला पहिल्याच तपासणीत कळलं होतं, ज्या आठवड्यात तुझं पाकीट आलं त्याच आठवड्यात. तेवढं एक वाक्य मी लिहिलं असतं तरी पुरे होतं. पण ते लिहिलं असतं तर तू पुढचा प्रश्न विचारला असतास, मग आला कुठून? आणि त्याचं उत्तरही माझ्यासमोर होतं.

तुमच्याकडे जो आलाय तो आमचा जावईबापू आहे. वर्षानुवर्षं लॅबमध्ये राहिल्याने त्याच्या ओळीत एका जागी काही अक्षरं गळून गेली आहेत. बाहेरच्या कुठल्याच विषाणूत ती तशी गळालेली आम्ही पाहिलेली नाहीत. तुमच्या पानांतल्या विषाणूत ती बरोबर त्याच जागी नाहीत. मॅडम भेसळ म्हणाल्या तेव्हा मला इतकं हायसं वाटलं की त्याचीच आता सर्वांत जास्त लाज वाटते. मी पुन्हा केलं. वेगळ्या खोलीत, नव्या नळ्यांत. तेच आलं. आणि तेच येणार हे मला माहीत होतं.

मी ते ॲप्रन धुतले नव्हते.

आजारी रोपांच्या खोलीतले ॲप्रन आधी वाफेच्या भांड्यात घालायचे असतात, मगच ते दाराबाहेर जातात. त्या दिवशी भांडं बिघडलेलं होतं, दुरुस्तीला माणूस यायचा होता. ॲप्रन दिसायला पांढरेशुभ्र होते. मला पार्सल पाठवायची घाई झाली होती, कारण हात हलवत आल्याची लाज मनातून जात नव्हती. मी ते घरी नेले आणि इस्त्री केली. आणि तुला लिहिलं, स्वच्छ धुऊन. इस्त्रीने सुरकुत्या जातात, बाकी काही जात नाही, हे मी दरवर्षी नव्या मुलांना शिकवते. वर तुला स्वच्छतेचा उपदेशही केला.

तू सभेत जे बोललीस ते माझ्या गप्प बसण्यामुळे बोललीस. तू मला सांभाळून घेणारी समजलीस आणि मी स्वतःलाच सांभाळत होते. हे पत्र भिंगरीला दाखव. सभेतही वाच. दादाला मी वेगळं लिहिणार होते, पण काय लिहू ते कळत नाही. तू त्याला सांग, किंवा हेच वाचायला दे.

माझ्याशी बोलली नाहीस तरी मी काही म्हणणार नाही. ॲप्रन मात्र जाळ.

नणंद

१४ जुलै

पत्र मिळून महिना झाला. वन्सं असं लिहायला आज हात उचलत नाही, म्हणून वर काहीच लिहिलं नाही. तुला 'तुम्ही' म्हणण्याची थट्टाही आज नको. रागाने म्हणतेय असं समजू नकोस, राग वेगळा आहे आणि तो आहेच.

तुझं पत्र तुझ्या दादांनी वाचलं, घडी घातली आणि माझ्याकडे दिलं. एवढंच म्हणाले, "भिंगरीकडे कधी जातेस?" मी आज जाते, उद्या जाते करत राहिले. कारण तुझ्या पत्रात जे नव्हतं ते मला माहीत होतं.

पार्सल आलं त्याच दिवशी मला कळलं होतं की ॲप्रन धुतलेले नाहीत. एकाच्या खिशात कुंडीत खोचायची प्लॅस्टिकची पट्टी होती आणि वाळून कडक झालेलं एक पान. मला हसू आलं. म्हटलं, एवढी मोठी शास्त्रज्ञ आणि खिसे उलटे करायची अक्कल नाही. तुला लिहिणार होते, मग म्हटलं, जाऊ दे, नणंदेच्या चुका काढणारी भावजय कशाला व्हा, बिचारी ओशाळेल. पट्टी टाकून दिली. पान हाताने चुरडून दाराजवळच्या वाफ्यात टाकलं. पाचोळाच तो, खत होईल. आणि त्याच हातांनी रोपं लावली.

एप्रिलमध्ये पहिली वेल तिथेच पिवळी पडली. मला तेव्हाच ते पान आठवलं. तुला "दाराजवळच्या कोपऱ्यात" असं लिहिलं ना, ते लिहिताना आठवत होतं. पण पान माझ्या हातून पडलंय म्हटलं की दोष माझ्याही दारात येतो. आणि खरं सांगते, भिंगरीचं शाळेपासून कधी काही चुकलेलं नाही. तिचं अक्षर चांगलं, तिची रोपं चांगली, तुझे दादासुद्धा उठता बसता तिचं नाव घेतात. एकदा तरी तिचं चुकावं असं मला वाटलं. न झालेली चूक सभेत उभं राहून मी तिच्या नावावर लावली.

परवा गेले. तिने फाटकाला दोरी लावलीय आणि खाली औषधाच्या पाण्याचं घमेलं ठेवलंय. आत मोठे पंखे चालू होते, बायका ट्रे भरत होत्या. थोडीशीच रोपं आहेत आता. मी पत्र वर करून दाखवलं. ती आतूनच ओरडली, "तो कागद त्या लॅबमधून आलाय ना? मग आत आणायचा नाही. तिथूनच वाच."

मी तिथूनच वाचायला लागले. पंख्यांपुढे माझा आवाज पोचेना. "मोठ्याने," ती म्हणाली. मी ओरडून वाचलं. तुझं सगळं पत्र मी रस्त्यावर उभी राहून ओरडून वाचलं. "मी ते ॲप्रन धुतले नव्हते" हे तीनदा वाचावं लागलं, कारण एक बाई दुसरीला विचारत होती, काय नव्हते म्हणतेय? रस्त्याने जाणारे थांबले. पत्र संपलं. तिने विचारलं, "झालं?"

तिथे थांबता आलं असतं मला. पत्र तुझं होतं, चूक तुझी होती, सही तुझी होती. मी नुसती वाचणारी. कागदाची घडीसुद्धा घालून झाली होती माझी. मग मी म्हटलं, नाही. आणि कागद नसताना बाकीचं ओरडले. खिसा, पान, वाफा, कोपरा. तिचं चुकावं असं मला वाटलं, तेही.

ती मागे गेली आणि तिने पंखे बंद केले. एकेक करून सगळे. इतकं शांत झालं की बायकांनी हातातले ट्रे खाली ठेवले. मग फाटकाजवळ आली, दोरीच्या पलीकडे उभी राहिली आणि म्हणाली, "आता पुन्हा सांग. साध्या आवाजात."

ओरडताना एवढं काही वाटलं नव्हतं. साध्या आवाजात मला तिच्याकडे बघवेना. तरी सांगितलं.

ऐकून झाल्यावर ती म्हणाली, "हे सभेत सांगशील?" मी म्हटलं, हो. म्हणाली, "तुझ्या नणंदेलाही बोलव. कागद नको. तोंडाने सांगू दे." मग पंखे लावायला वळली. दोरी काढली नाही आणि मी काढ म्हटलंही नाही. निघताना मागून म्हणाली, "त्या वेळी मला ॲप्रन दिला नाहीस, त्याचा राग आला होता. बघ." आणि हसली की काय ते पंख्यांच्या आवाजात कळलं नाही.

ॲप्रन जाळले. पॉलीहाऊस पूर्ण रिकामं आहे, तुझे दादा रोज आत जाऊन सांगाडे धुतात. सभा पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी. येशील का?

वहिनी

२२ जुलै

वहिनी,

येते.

मॅडमना सगळं सांगितलं. त्यांनी आजारी खोलीची किल्ली मागून घेतली, आणि ते बरोबरच आहे. मी त्यांना म्हटलं, रिपोर्टवर लॅबचं नाव येईल. त्या म्हणाल्या, "यायलाच हवं." तो रिपोर्ट त्या स्वतः पाठवतील, वेगळ्या टपालाने. तो मी माझ्याबरोबर आणणार नाही. लॅबमधली कुठलीच वस्तू आणणार नाही, पेनसुद्धा नाही. बसमधून उतरले की तिथल्या दुकानातून नवे कपडे घेऊन अंगावर घालीन आणि अंगावरचे बांधून ठेवीन. दादाला सांग, मला न्यायला येऊ नकोस, मी चालत येईन. खरं तर त्याच्यासमोर एकटीने उभं राहायची भीती वाटते.

सभेत काय बोलायचं ते लिहून पाहिलं आणि फाडून टाकलं. भिंगरी म्हणाली तेच बरोबर आहे. तुझ्या पत्रातलं पानाचं वाचलं तेव्हा क्षणभर मला बरं वाटलं, की दोष वाटला गेला. तेवढंही सभेत सांगेन.

मागच्या वेळी हात हलवत आले होते आणि त्याची लाज वाटली होती. या वेळीही रिकाम्या हातानेच येते. ते हातही तुझ्या दारातल्या नळावर, तुझ्यासमोर धुईन.

तुझी,
नणंद